नाही म्हणायची सोय

होटगी रोडच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली म्हणजे सोलापुरातला वाद मिटेल, असं वाटत होतं. वाद मिटला नाही, त्याचा विषय तेवढा बदलला. आधी विमानांच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून गाव दुभंगलं होतं. आता एकीकडे म्हणतात, या छोट्या विमान कंपन्यांचा काय भरवसा, एखादी मोठी कंपनी आणा म्हणजे कायमचं काम होईल. दुसरीकडे म्हणतात, कंपनी कुठलीही असू दे, सरकारने भाडं बांधून द्यावं. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा देशभर हीच दोन टोकं ऐकू आली. एक बाजू म्हणाली, बाजार आहे, चढउतार व्हायचेच. दुसरी म्हणाली, पुन्हा सरकारी विमान कंपनी काढा. दोन्ही बाजू मुख्य मुद्द्याला वळसा घालून चालल्या आहेत. विमान कंपन्यांची संख्या घटत गेली याचा सगळ्यात मोठा तोटा तिकिटाच्या दरात दिसतच नाही. समोरच्याला 'नाही' म्हणायची सोय संपते, तो खरा तोटा आहे. ती आधी प्रवाशाची संपते, मग वैमानिकाची, मग सोलापूरसारख्या शहराची आणि शेवटी सरकारचीही.

सरकारची कशी संपते, ते डिसेंबरात सगळ्यांनी पाहिलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम काही रातोरात आले नव्हते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते जानेवारी 2024 मध्येच जाहीर केले होते. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली, आठवड्यातल्या रात्रीच्या लँडिंगची मर्यादा 6 वरून 2 वर आणली. कंपन्यांनी कुरकुर केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अंमलबजावणी दोन टप्प्यांत ठरली, 1 जुलै 2025 आणि 1 नोव्हेंबर 2025. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली. तरीही देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीकडे पुरेसे वैमानिक नव्हते. 5 डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. लग्नाचे वऱ्हाडी, परीक्षेला निघालेली मुलं, ऑपरेशनसाठी चाललेले रुग्ण विमानतळांच्या फरशीवर बसून राहिले. मग काय झालं? नियम मोडणाऱ्या कंपनीला नियमांतूनच सवलत मिळाली, 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत. पुढे वेळापत्रकात 10 टक्के कपात झाली, 22.20 कोटींचा दंडही झाला. पण 2024-25 या वर्षात जिचा निव्वळ नफा 7 हजार कोटींच्या वर होता, तिला या दंडाची झळ ती किती लागणार? नियामकावर राग काढणं सोपं आहे. मी विचारतो, त्याच्या हातात दुसरं काय होतं? देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे 65 टक्के एकाच कंपनीच्या विमानांत बसत असतील, तर त्या कंपनीला 'नियम पाळ, नाहीतर थांब' म्हणणं म्हणजे देश थांबवणं. थकलेल्या वैमानिकाला झोप मिळावी हा नियम प्रवाशांच्या जिवासाठी होता. तो बाजूला ठेवावा लागला, कारण पर्यायी विमानंच नव्हती.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि त्यात बरंच खरं आहे. इंडिगो लबाडीने मोठी झाली नाही. मुख्यतः एकाच जातीची विमानं, कमी खर्च, वेळेवर उड्डाण आणि मालकांच्या चैनीला फाटा या जोरावर ती वाढली. शेजारी किंगफिशरने 2012 मध्ये, जेटने एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्टने मे 2023 मध्ये उड्डाणं बंद केली; कर्मचाऱ्यांचे पगार थकले, प्रवाशांचे पैसे बुडाले. स्पर्धा असताना लोकांचं भलं झालं म्हणावं, तर त्या स्पर्धेत कंपन्या मेल्या आणि त्यांच्या कर्जाचा भार बँकांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी सोसला. शिवाय विमानाचं इंधन जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा व्हॅट आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये मुंबई-पुण्याचा तो 25 वरून 18 टक्क्यांवर आणला, तरी तो आहेच. कंपन्या विमानं भाड्याने घेतात, त्याचे पैसे डॉलरमध्ये द्यायचे आणि कमाई रुपयात करायची. अशा धंद्यात दोन धडधाकट कंपन्या असणं हे दहा आजारी कंपन्या असण्यापेक्षा बरं, असं कुणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढता येत नाही. एअर इंडिया टाटांकडे जाऊन 2024 मध्ये विस्तारा आणि जुनी एअरएशिया इंडिया त्या समूहाच्या कंपन्यांत विलीन झाली, त्यामागेही हाच विचार होता.

पण विलीनीकरण हे औषध आहे, हे गृहीतक आपल्याच इतिहासावर घासून पाहा. 2007-08 या दोन वर्षांत भारतात तीन मोठी विलीनीकरणं झाली. जेटने एअर सहारा घेतली, किंगफिशरने एअर डेक्कन गिळली आणि एअर इंडियात इंडियन एअरलाइन्स मिसळली. तिन्ही वेळा भाषा एकच होती: बाजारात गर्दी झाली आहे, भाडेयुद्ध परवडत नाही, मोठं झाल्याशिवाय तग धरता येणार नाही. पुढे काय झालं? किंगफिशर चार वर्षांत कोसळली आणि तिच्याबरोबर डेक्कनने सामान्य माणसासाठी उभं केलेलं स्वस्त विमानही गेलं. जेट सहाराचं ओझं घेऊन बारा वर्षं रखडली आणि बंद पडली. एअर इंडियाचं कर्ज 60 हजार कोटींच्या पुढे गेलं, शेवटी जानेवारी 2022 मध्ये ती विकावी लागली. तीन रोग्यांना एकच औषध दिलं आणि तिघांचीही प्रकृती ढासळली. या पडझडीला इतर कारणंही होती, हे मान्य. पण मग 'एकत्र आल्याने बळ येतं' हे सिद्ध झालेलं सत्य असल्यासारखं का सांगितलं जातं?

त्याहून जुना दाखला 1953 चा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास युद्धातून उरलेली डकोटा विमानं स्वस्तात मिळाली आणि कंपन्यांचं पीक आलं. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या समितीने 1950 मध्ये पाहणी करून सांगितलं की प्रवाशांच्या मानाने परवाने जास्त वाटले गेले आहेत. सरकारने शेवटी 1953 मध्ये कायदा करून देशांतर्गत सेवा देणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स केली. तोट्यातल्या लहान कंपन्यांपेक्षा एक मजबूत कंपनी बरी, हा युक्तिवाद तेव्हाही तितकाच शहाणपणाचा वाटला होता. त्याची किंमत पुढच्या चार दशकांतल्या प्रवाशांनी मोजली. संप झाला तर घरी बसा, विमान आठ तास उशिरा आलं तर आभार माना. 1994 मध्ये तो कायदा रद्द झाला तेव्हाच इतरांना नियमित सेवेचं दार अधिकृतपणे उघडलं. म्हणून 'पुन्हा सरकारी कंपनी काढा' म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मक्तेदारी सरकारची असली म्हणजे प्रवाशाला नाही म्हणता येतं का?

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजवायला विमानापर्यंत जायची गरज नाही. त्याने झोनबंदी पाहिली आहे. ज्या कारखान्याच्या क्षेत्रात तुझं रान, त्यालाच ऊस घालायचा. शेजारचा कारखाना टनाला दोन पैसे जास्त देत असला तरी तिकडे गाडी न्यायची नाही. तोड कधी येणार, काट्यावर वजन काय लागणार, बिल कधी मिळणार, सगळं एकाच ऑफिसातल्या माणसाच्या मर्जीवर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने झोनबंदी उठवा ही मागणी लावून धरली, तेव्हा कारखानदारांनी जे सांगितलं ते आजच्या विमान कंपन्यांच्या तोंडी शोभेल: हक्काचा ऊस नसेल तर कारखाना कर्ज कसं फेडणार, ऊस पळवापळवीत सगळेच बुडतील, आणि सहकार मोडला तर शेतकऱ्याचंच नुकसान. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पुढे काही कारखाने बुडालेही. पण झोनबंदी उठली आणि पंढरपूर, माळशिरस, माढ्याच्या शेतकऱ्याला काय मिळालं, ते हंगामात एकदा त्याच्या बांधावर जाऊन बघावं. दोन-तीन कारखान्यांचे चिटबॉय, म्हणजे ऊस नोंदवणारी माणसं, एकाच आठवड्यात फेरी मारून जातात, लागणीची तारीख विचारतात, तोड लवकर देतो म्हणतात. दर फार वाढतोच असं नाही. पण जो आधी ऑफिसच्या दारात टोपी काढून उभा राहायचा, तो आता 'बघतो, सांगतो' म्हणतो. ही ताकद दराच्या आकड्यात दिसत नाही.

आणि हेही तितकंच खरं की नुसती स्पर्धा पुरली नाही. जिल्ह्यात तीसहून जास्त कारखाने असूनही एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, थकतेच, आणि ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचा नियम कागदावर राहतो. बाजार मोकळा करा आणि बाजूला व्हा, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. नियम पाहिजेत. पण नियम त्यालाच लागू करता येतो, ज्याच्यावाचून आपलं अडत नाही. म्हणून स्पर्धा आणि नियम या एकमेकांच्या विरोधातल्या गोष्टी आहेत, हा समज मला मान्य नाही. पर्याय असतो तेव्हाच नियमाला धार असते.

भाडं बांधून द्यायची मागणी याच कसोटीवर तपासू. 6 डिसेंबरला केंद्राने कमाल भाडी ठरवून दिली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,500 च्या पुढे 18,000. संकटात हे योग्यच होतं, आणि ते करायला सरकारने उशीर केला असं माझं मत आहे. पण अशा मर्यादेने एकही नवी खुर्ची तयार झाली नाही. दिवाळीत पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या पोरांना विचारा. खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये, असा राज्याचा आदेश 2018 पासून आहे. सणाच्या दोन दिवस आधी ट्रॅव्हल्सवाले तो किती पाळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही त्यांचा दर एका टप्प्यापुढे जात नाही. स्वारगेटला एसटी लागलेली असते, हुतात्मा एक्स्प्रेस असते, इतर गाड्या असतात. उभं राहून का होईना, माणूस घरी पोहोचतो. ट्रॅव्हल्सवाल्याला आवरतं ते हे. आदेशाला बळ मिळतं ते शेजारी लागलेल्या एसटीमुळे. विमानाच्या बाबतीत ती शेजारची एसटी दिवसेंदिवस नाहीशी होते आहे.

'दार उघडं आहे, कुणीही यावं' असं उत्तर दिलं जातं. 2022 मध्ये आकासा आलीच की. डिसेंबरच्या गोंधळानंतर केंद्राने आणखी काही नव्या कंपन्यांना ना-हरकत दिलीच की. हा मुद्दा गंभीर आहे, पण ना-हरकतीच्या कागदावर विमान उडत नाही. विमानांच्या कारखान्यांकडे वर्षानुवर्षांच्या मागण्या पडून आहेत. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानं सांगितली, म्हणजे रांगेचं तोंड या दोघांनी आधीच अडवलं. अनुभवी कॅप्टन तयार व्हायला वर्षं लागतात. आणि सगळ्यात अवघड दार मुंबईचं आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा, म्हणजे स्लॉट, जुन्या कंपन्यांकडे आहेत. ठरलेल्या प्रमाणात वापरत राहिलं की पुढच्या हंगामात त्यांच्यावर पहिला हक्क त्याच कंपनीचा. नव्याला शिल्लक वेळांतून काही मिळतं, पण बहुधा अडनिड्या वेळेचं. जेट बंद पडली तेव्हा तिचे मुंबई-दिल्लीचे स्लॉट तात्पुरते म्हणून वाटले गेले, ते प्रामुख्याने आधीच उभ्या असलेल्या कंपन्यांना. एक कंपनी मरते आणि तिची जागा नव्याऐवजी जुन्या कंपन्यांकडे जाते. हे आपोआप घडत नाही, स्लॉट वाटायचे नियम तसे लिहिले आहेत.

सोलापूरचं दुखणं नेमकं इथे आहे. 15 जून 2023 ला चिमणी पाडली. कारखान्याच्या सभासदांचे आणि कामगारांचे अश्रू त्या दिवशी गावाने पाहिले. अडथळा गेला, आता विमान, असं सांगितलं गेलं होतं. सप्टेंबर 2024 मध्ये नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. पहिलं नियमित विमान आलं ते जून 2025 मध्ये, गोव्याचं, फ्लाय 91 चं. मुंबईचं विमान त्याच्याही नंतर, ऑक्टोबरात, स्टार एअरचं. चिमणी पडल्यापासून मुंबईच्या विमानापर्यंत दोन वर्षं चार महिने गेले. मग एकट्या चिमणीने आपलं विमान अडवलं होतं, असं अजूनही म्हणायचं का? मुंबईत उतरायला 76 खुर्च्यांच्या विमानालाही एक स्लॉट लागतो आणि 180 ते 230 खुर्च्यांच्या विमानालाही एकच. स्लॉट ज्याच्या हातात आहे, तो मोठं विमान दिल्ली-बंगळुरूला लावेल की लहान विमान सोलापूरला? त्याच्या जागी मी असतो तरी दिल्लीलाच लावलं असतं. म्हणून 'मोठी कंपनी आणा' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की सोलापूरला आता आल्या त्या दोन्ही कंपन्या लहान आहेत. एक गोव्याची, दुसरी आपल्या कोल्हापूरच्या घोडावत समूहाची. लहान शहराशिवाय ज्यांचा धंदाच नाही, त्यांना लहान शहराची गरज असते. किंगफिशरची विमानंही काही काळ इथे उतरत होती; तिचं प्राधान्य बदललं आणि ती उतरायची बंद झाली. मोठ्या कंपनीच्या वहीत सोलापूर ही शेवटची ओळ असणार, आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिली रेघ शेवटच्या ओळीवरच मारली जाते.

लहान कंपन्या टिकत नाहीत, हा आक्षेप मात्र उडवून लावता येत नाही. लहान शहरांच्या विमानमार्गांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेबद्दल महालेखापरीक्षकांचा 2023 चा अहवाल डोळे उघडणारा आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. जे 371 सुरू झाले, त्यांतल्या फक्त 112 नी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि अनुदान संपल्यावर मार्च 2023 पर्यंत त्यातले 54 तेवढे टिकले. हे आकडे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातात, असं वरवर वाटेल. मला त्यात दुसरंच दिसतं. आपण मार्गाला पैसे दिले, पण मार्गाच्या मुंबईकडच्या टोकाला जागा दिली नाही. अनुदान आहे तोवर विमान उडतं. सोलापूरचा व्यापारी सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परत येऊ शकेल अशी वेळ नसेल, तर अनुदान संपल्यावर तो पुन्हा वंदे भारतने साडेसहा तास जाईल, नाहीतर गाडी काढून पुण्याच्या किंवा हैदराबादच्या विमानतळावर. टॉवेलच्या निर्यातदाराला नमुने दाखवायला जायचं असतं. त्याला विमान आहे की नाही यापेक्षा ते कधी आहे हे महत्त्वाचं.

अमेरिकेकडे बोट दाखवून दोन्ही बाजू बोलतात, म्हणून थोडं त्याबद्दल. 1978 मध्ये तिथे विमानसेवा नियंत्रणमुक्त झाली, नव्या कंपन्या आल्या, भाडी उतरली. मग 2008 ते 2013 मध्ये एकामागोमाग विलीनीकरणं झाली आणि चार कंपन्यांकडे बाजाराचा सुमारे 80 टक्के भाग गेला. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने जेटब्लू आणि स्पिरिटचं विलीनीकरण रोखलं, स्वस्त भाड्याची कंपनी वाचावी म्हणून. त्याच वर्षी स्पिरिट दिवाळखोरीत गेली आणि 2025 मध्ये पुन्हा गेली. विलीनीकरण अडवलं म्हणून स्पर्धा वाचतेच असं नाही, हे मला मान्य करावं लागतं. पण यातून घ्यायचा धडा विलीनीकरणाला मोकळं रान द्यावं असा नाही. म्हाताऱ्या कंपन्यांना सक्तीने जगवण्यापेक्षा नव्यांना उभं राहायला जागा करा, असा आहे. आपला स्पर्धा कायदाही मोठं असणं हा गुन्हा मानत नाही, वर्चस्वाच्या गैरवापराला गुन्हा मानतो. ते योग्यच आहे. अडचण इतकीच की गैरवापर सिद्ध होईपर्यंत दुसरी कंपनी शिल्लक राहिलेली नसते.

मग मागायचं काय? मुंबई आणि नवी मुंबई या दोन्ही विमानतळांवर राज्यातल्या लहान शहरांसाठी सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक स्लॉट राखून ठेवावेत, आणि ते कंपनीच्या नावावर न टाकता मार्गाच्या नावावर टाकावेत. एक कंपनी गेली तर स्लॉट सोलापूरकडेच राहील आणि दुसरी कंपनी येऊन तो वापरेल. नवी मुंबई डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाली आहे, तिथल्या वेळा अजून वाटल्या जात आहेत, म्हणून हे आत्ताच बोललं पाहिजे. दोन्ही विमानतळ एकाच समूहाच्या हातात आहेत, हेही विसरू नये. आकाशातली मक्तेदारी मोजताना जमिनीवरची मोजायची राहून जाते. बंद पडलेल्या कंपनीच्या स्लॉटवर पहिला हक्क नव्या आणि लहान कंपन्यांचा असावा. आणि सुरक्षेच्या नियमांतून कुठल्याही कंपनीला सूट द्यायची झाली, तर तेवढ्या काळापुरते तिचे स्लॉट इतरांना द्यावेत, म्हणजे सूट मागण्यापेक्षा वैमानिक नेमणं स्वस्त पडेल.

सोलापूर-मुंबई मार्गासाठी राज्य सरकार तूट भरून देतं आहे, आणि हा पैसा ठरावीक मुदतीचा आहे. आपले आमदार, खासदार, चेंबरवाले, विमानसेवेसाठी वर्षानुवर्षं निवेदनं देणारे कार्यकर्ते मुदत संपायच्या वेळी पुन्हा मंत्रालयात जातील, आणि त्यांनी जावंच. जाताना अनुदान वाढवून मागण्याआधी मुंबईतली सकाळची वेळ मागावी, आणि ती सोलापूरच्या नावाने लेखी घेऊन यावं.